छाजेड मॅडम आणि बुरशीचं तेल

छाजेड मॅडमच्या घरात बटाटा येत नसे. कांदा नाही, लसूण नाही, गाजर-मुळा नाही. जमिनीखाली वाढणारं काहीच नाही. कैक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन जालन्यात स्थिरावलेलं ते जैन कुटुंब या बाबतीत फार कडक होतं. आणि तरीही दर आठवड्याला मॅडम स्वतः मंडईत जाऊन बटाटे घेत. नुसते घेत नसत, एकेक हातात फिरवून, अंगठ्यानं दाबून बघत. हिरवट किंवा कोंब आलेला दिसला की बाजूला काढत. भाजीवाली मावशी एकदा माझ्यादेखत म्हणाली, "बाई, तुमच्यात चालत न्हाई ना बटाटा? मंग एवढा कुणाला नेता?"

"लेकरं हायेत माझी," पिशवी पुढं करत मॅडम म्हणाल्या. "लई खादाड."

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं. ती लेकरं म्हणजे बुरशी होती. जालना जिल्ह्यातल्या शेतांच्या मातीतून आणलेली, काचेच्या चंबूंत वाढवलेली. बटाटे उकळून काढलेलं पाणी आणि थोडी साखर एवढ्यावर ती खूश असे. मॅडम प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून, स्वतःच्या हातानं ते बटाटे सोलत. मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडं संशोधनासाठी मार्गदर्शन मागायला गेले तेव्हा त्या तेच करत होत्या. मला वाटलं, या कॉलेजच्या खानावळीतल्या बाई. मी विचारलं, "डॉक्टर ललिता छाजेड कुठं भेटतील?" त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "हात धुतलेत का? मंग बस. ती दुसरी सुरी घे."

मी कुंभार पिंपळगावची. घरची काळी जमीन, रब्बीला हरभरा. आमच्या भागात हरभऱ्याला मर लागते, म्हणजे उभं झाड आठवड्याभरात पिवळं पडून वाळून जातं. खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ दिसते. हे करते मातीतली एक बुरशी. पण गंमत अशी की तिच्यासारखीच दिसणारी, तिच्याच कुळातली दुसरी बुरशी त्याच मातीत राहते आणि झाडाच्या केसालाही धक्का लावत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींचे बीजाणू विळ्याच्या पात्यासारखे, सारखेच. मी तासन्‌तास बघायची आणि मला काही कळायचं नाही.

"सख्ख्या बहिणी हायेत ह्या," मॅडम म्हणायच्या. "तोंडावरून वळखू येणार न्हाईत. अंगात चरबी कशी धरतात ते बघायचं."

मॅडमचा सगळा मार्ग हा असा चरबीतून जायचा. त्यांचे वडील तेलाचे व्यापारी. लहानपणी दुकानात बसून त्यांनी करडईचं, शेंगदाण्याचं, सरकीचं तेल नुसत्या वासानं ओळखायला शिकून घेतलं होतं. थंडीत कुठलं तेल गोठतं, कुठलं पातळ राहतं, याचं ज्ञान त्यांना शाळेत जायच्या आधीच झालेलं. पुढं रसायनशास्त्रात त्यांना कळलं की तेलाचा स्वभाव त्यातल्या मेदाम्लांवरून ठरतो, आणि प्रत्येक सजीवाच्या अंगात ही मेदाम्लं आपापल्या प्रमाणात असतात. बुरशीतही. मग जवळच्या दोन बुरशींना त्यांच्या अंगच्या तेलावरून वेगळं का काढता येऊ नये? त्यांनी आयुष्य या एका प्रश्नाला दिलं होतं, असं मी लिहिणार होते, पण त्यांनी ते ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, "आयुष्य कसलं देतीस? नोकरी करून राह्यले मी."

काम असं चाले. चंबूत बुरशीची पांढरी-गुलाबी साय धरली की ती गाळून, वाळवून घ्यायची. मग काचेच्या नळीत कॉस्टिक सोडा घालून उकळायची. साबण करतात त्यातलाच प्रकार. त्यातून तेलाचे घटक सुटे करायचे, ते इवल्याशा बाटल्यांत भरायचे आणि संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या यंत्रावर तपासून आणायचे. बाटल्या बर्फाच्या थर्मासात आणि थर्मास मॅडमच्या मांडीवर. एसटीत कुणी विचारलं, "काय दूध हाय का बाई?" तर त्या म्हणत, "तेल हाय. लई महाग." यंत्रातून कागदावर उंच-बुटक्या टोकांची रांग यायची. प्रत्येक टोक म्हणजे एक मेदाम्ल. मॅडम तो कागद खिडकीपाशी उजेडात धरून घरच्यांचा फोटो बघावा तशा बघत.

एक गोष्ट मला कधीच उलगडली नाही. बुरशी उकळत्या सोड्यात टाकण्याआधी मॅडम क्षणभर थांबत. डोळे मिटत नसत, हात जोडत नसत, फक्त ओठ हलायचे. मी कितीतरी दिवस ते पाहिलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, तुम्ही काय म्हणता तेव्हा? माफी मागता का?"

त्यांनी नळी चिमट्यात धरूनच माझ्याकडं पाहिलं. "माफी मागून पुन्हा तेच करायचं म्हटल्यावर ती माफी कसली गं?"

"मग?"

"काही तरी म्हणते. काय म्हणते ते मलाबी बराबर ठाव न्हाई. तू तिकडं घड्याळाकडं बघ."

त्यांच्या आईला सगळे 'बाई' म्हणत. फार वृद्ध, पांढरी साडी, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या. मी एकदा मॅडमच्या घरी काही कागद द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "बेटा, ये ललिता दिनभर वहाँ करती क्या है? मला कुणी सांगत न्हाई." माझी पंचाईत झाली. जीव, माती, उकळता सोडा, यातलं काय सांगावं? मी म्हणाले, "तेल काढतात बाई. बुरशीतून."

"तेल?" बाईंचा चेहरा उजळला. "मंग ठीक हाय. अपने घर का धंदा."

आतल्या खोलीतून मॅडम हसल्याचा आवाज आला. नंतर जिना उतरताना मला म्हणाल्या, "तू खरं सांगितलंस का खोटं, मला कळंना. पण आज ती नीट झोपेल."

माझ्या प्रबंधासाठी आम्ही दोन गावं घेतली होती. एक भोकरदन तालुक्यातलं धावडा, तिथं एका शेतातला हरभरा मर रोगानं साफ गेला होता, त्यात शंकाच नव्हती. दुसरं माझं पिंपळगाव. आमच्या शेतात आदल्या हंगामात काही झाडं पिवळी पडून वाळली होती. ती मर लागून गेली की मुळाशी पाणी साचून, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं. शेजारी म्हणत होते की आता काही वर्षं तिथं हरभरा बंद करा. माझे वडील, म्हणजे आबा, हरभरा सोडायला तयार नव्हते. दोन्ही शेतांतून विळ्याच्या पात्यांची ती बुरशी मिळाली होती. प्रश्न एवढाच, आमची बुरशी धावड्याचीच आहे की तिची निरुपद्रवी बहीण?

कागद आले तेव्हा मला नाचावंसं वाटलं. धावड्याच्या बुरशीत पातळ तेलाची टोकं उंच, आमच्या बुरशीत घट्ट चरबीची. पुन्हा वाढवून पाहिलं, तसंच. पुन्हा, तरी तसंच. नेमके त्याच सुमारास आबा काही कामानं जालन्याला आले आणि प्रयोगशाळेत डोकावले. मॅडमनी त्यांच्यापुढं दोन्ही कागद ठेवले. एरवी प्रत्येक वाक्याला 'बहुतेक' लावणाऱ्या मॅडम त्या दिवशी अशा खुशीत होत्या की म्हणाल्या, "आबा, तुमची बुरशी धावड्यावाली बिलकुल न्हाई. बिनधास्त पेरा."

आबांनी ते 'बिनधास्त' गावभर केलं. पारावर, बाजारात, किराणा दुकानात. "मशीनवर तपासलंय," असं ते सांगत. आसपासच्या चार शेतकऱ्यांनीही मग हरभऱ्याचंच ठरवलं.

पेरणी तोंडावर आलेली असताना एका दुपारी मॅडमनी चंबू काढायला इनक्युबेटर उघडला. इनक्युबेटर म्हणजे बुरशी एकसारख्या उबेत वाढावी म्हणून असलेलं कपाट. त्यांनी वरच्या फळीवरचा चंबू उचलला, मग खालच्या. मग दोन्ही हातांत दोन चंबू धरून तशाच उभ्या राहिल्या.

"सुनंदा, इकडं ये. हात लाव."

वरचा चंबू चांगलाच कोमट होता. खालचा त्यामानानं गार. कपाटात हवा फिरवणारा छोटा पंखा कधी बंद पडला होता, देव जाणे. बाहेरचा तापमानाचा आकडा मात्र ठणठणीत दिसत होता. आणि गल्लत होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून मॅडमनीच नेम घालून दिला होता, पिंपळगाव वर, धावडा खाली.

थंडीत वाढलेली बुरशी अंगात पातळ तेल जास्त धरते. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे आम्ही इतके दिवस कागदावर जे बघत होतो, त्या दोन बहिणी होत्या की दोन फळ्या?

पंखा दुरुस्त करून घेतला. फळ्या बदलून बुरशी वाढवली. मॅडम स्वतः थर्मास घेऊन गेल्या आणि कागद घेऊन आल्या. मला वाटत होतं की आता एक तर फरक पूर्ण पुसला जाईल, नाही तर जसाच्या तसा राहील. दोन्ही झालं नाही. बराचसा फरक गेला. थोडा उरला. तोही काही चंबूंत होता, काहींत नव्हता. मॅडम खिडकीपाशी कितीतरी वेळ कागद फिरवत उभ्या होत्या. मग पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, "चल, तुझ्या गावाला."

"कशाला?"

"बिनधास्त म्हनले होते ना मी. ते परत घ्यायला."

मी त्यांना खूप विनवलं. फोनवर सांगू म्हणाले. दुसऱ्या कुणाला पाठवू म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. आबांचा चेहरा माझ्यानं बघवला नसता. पण मॅडम एसटीत बसल्यासुद्धा. गावात पोचलो तो बाजारचा दिवस. आमच्या ओट्यावर आबा आणि हरभरा पेरणार असलेले दोघं-तिघं बसलेले. मॅडमनी चहा नको म्हटलं, पाणी घेतलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पंखा, फळ्या, कोमट चंबू, सगळं.

मग शेजारचे दत्तूकाका म्हणाले, "मंग तवा कशाला सांगितलं वो मॅडम?"

"तवा मला वाटलं, मला कळलं. आता कळलं, की न्हाई कळलं."

"म्हंजी मर लागणार?"

"ते मी कुठं म्हनले?"

"मंग न्हाई लागणार?"

"तेबी न्हाई म्हनले."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना ओळखते. "मॅडम, मी अडाणी मानूस. मला एकच सांगा. पेरू का नगं?"

मला वाटलं, आता मॅडम काहीतरी सांगतील, निदान धीराचं काही. "मला माहीत न्हाई, आबा," त्या म्हणाल्या. "तुमच्या रानाची माती कुंडीत घालून हरभरा लावून बघते म्हनलं, तर ते उगवंस्तोवर तुमची पेरणीची वेळ जाते. माझ्या बोलण्यावर पेरू नका, एवढंच सांगायला आल्ते. तुमच्या मनानं पेरा."

"मनाला काय कळतंय?" आबा म्हणाले आणि उठून आत गेले. पाहुण्याला निरोप न देता आबा आत गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मी मॅडमना स्टँडवर सोडायला गेले. बाजार उठत होता. मला रडू येत होतं आणि रागही, नेमका कुणाचा ते समजत नव्हतं. मॅडम मात्र हळूहळू चालत होत्या आणि मिरचीच्या ढिगांकडं, बैलांच्या घुंगरांकडं बघत होत्या.

"डोकं फिरून राह्यलं माझं," त्या मधेच म्हणाल्या. "पन छातीवरचं वजन उतरल्यावानी वाटतंय."

"आणि माझ्या प्रबंधाचं काय, मॅडम?"

"लिहायचा की. जे झालं ते लिहायचं."

"पण झालं काय?"

त्या थांबल्या. मला वाटलं रागावल्या. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी खऱ्या अडचणीत सापडल्यासारख्या म्हणाल्या, "तेच तर कळंना ना गं."

आबांनी त्या वर्षी अर्ध्या रानात हरभरा पेरला, अर्ध्यात गहू. हरभरा बरा आला. फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यातली झाडं वाळली. दत्तूकाका म्हणाले, बघा, मर होतीच. आबा म्हणाले, बघा, नव्हती. असती तर सगळं गेलं असतं. मॅडमनी कुंडीत लावलेल्या हरभऱ्यातलीही काही झाडं वाळली, काही टवटवीत राहिली. मी तिघांचंही ऐकून घेतलं आणि प्रबंधात लिहिलं की वाढीची परिस्थिती तंतोतंत सारखी ठेवल्याशिवाय मेदाम्लांवरून या दोन जवळच्या बुरशी वेगळ्या करता येत नाहीत, आणि ठेवली तरी नुसत्या त्यावरून खात्री देता येत नाही. वर पंख्याची सगळी हकिगत घातली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "या पंख्याच्या प्रकरणाची एवढी पानं घालायची काय गरज होती?"

मॅडमना खरं तर बोलायची परवानगी नव्हती. तरी मागून आवाज आला, "ती पानं काढली सर, तर बाकीची सगळी खोटी पडतेत."

पदवी मिळाली. पेढे घेऊन मी मॅडमच्या घरी गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "तेल निकला?" मी मॅडमकडं पाहिलं. मग मॅडमच म्हणाल्या, "निकला बाई. किसका है, पता नहीं चला."

पुढं मी अंबडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. मॅडम निवृत्त झाल्या. बाई गेल्या. मधल्या काळात बुरशीच्या जनुकांची तपासणी सोपी झाली आणि जपून ठेवलेली आमची जुनी बुरशी मी एकदा तपासायला पाठवली. मला वाटलं, निदान आता निकाल लागेल. अहवाल आला, त्यात दोन्ही गावांची बुरशी एकाच जातीची होती. पण त्याच अहवालात असंही होतं की आमच्या शेतातल्या नमुन्यात आणखी एक, तिसरीच बहीण मिसळलेली आहे, आणि जात एक असली म्हणजे रोग करण्याची ताकद सारखीच असते असं नाही.

तो कागद घेऊन मी जालन्याला गेले. मॅडम अंथरुणाला खिळल्या होत्या. मूत्रपिंडं थकली होती. चेहरा सुजलेला, पण कागद बघायला त्यांनी चष्मा मागितला. वाचून झाल्यावर पोटातून हसल्या, खोकला येईपर्यंत. "म्हंजी आपण एका चंबूत दोघींना कोंबलं होतं, आन त्यांचं एकत्र तेल काढून एकीच्या नावावर लावलं."

"असंच काहीसं."

"काहीसं न्हाई गं, बराबर असंच. का न्हाई?" त्यांना स्वतःलाच शंका आली. कागद पुन्हा बघितला. मग विचारलं, "तुझ्या बापानं यंदा काय पेरलंय?"

"हरभरा."

"सगळा बरा हाय?"

"विहिरीकडचा कोपरा पिवळा पडलाय म्हणाले."

"तू बघितलास?"

मी बघितला नव्हता. फोनवर ऐकलं होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "उपटून बघ. खोड चिर. मंग ये."

मी पुढच्याच रविवारी गावी गेले. आबा बरोबर आले, आता काठी टेकत. कोपऱ्यातली झाडं उपटली, ब्लेडनं उभी चिरली. काहींत तपकिरी रेघ होती, काहींत नव्हती. चिरलेली झाडं ओल्या फडक्यात गुंडाळून मी तशीच जालन्याला निघाले.

मॅडम अर्धवट गुंगीत होत्या. मी पलंगाशी बसून सगळं सांगितलं. चिरलेलं एक खोड त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी डोळे न उघडता त्यावरून अंगठा फिरवला.

"रेघ कुठवर व्हती?"

"काहींत वीतभर. काहींत अजिबात नाही."

"एकमेकांला लागून उभी होती ती झाडं?"

"हो मॅडम. अगदी शेजारी-शेजारी."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी जुळत होतं, किंवा आणखी बिनसत होतं. दोन्ही वेळी त्यांचा चेहरा सारखाच व्हायचा. मी वाकून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"मंग..." त्या म्हणाल्या.

आणि झोप लागली. मी संध्याकाळपर्यंत बसून होते. त्या आठवड्यात त्या पुन्हा नीट बोलल्या नाहीत, आणि आठवडा संपायच्या आत गेल्या.

अंत्यविधीनंतर मी गावी गेले. आबा ओट्यावर वाट बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मॅडमचं नाव फारसं घेतलं नव्हतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटाला काय म्हनल्या?"

"मंग, म्हणाल्या."

"आन पुढं?"

"पुढं काही नाही, आबा."

आबा काठी उचलून रानाकडं निघाले. पुढच्या हंगामात त्यांनी सगळ्या रानात हरभरा पेरला आणि विहिरीकडच्या त्या कोपऱ्यात तेवढी ज्वारी. मी विचारलं, हे कशावरून ठरवलं? ते म्हणाले, "मला तरी काय ठाव? वाटलं." बरोबर केलं की चूक, ते मी त्यांना सांगू शकले नाही. मी फक्त त्या कोपऱ्यातली मूठभर माती पिशवीत घेतली आणि अंबडची गाडी धरली.